पोचट नर

मी माश्यांवर काम करते हे ताईच्या सासरी कळलं, तेव्हा तिची सासू चहाचा कप खाली ठेवून हसायला लागली. एवढं शिकून पोरगी माश्या मारते, असं तिनं अमडापूरभर सांगितलं. मी माश्या मारत नाही, पाळते, असं मी म्हणाले, तर ती आणखीच हसली. त्या घराबद्दल मी काही बरं लिहीन अशी अपेक्षा कुणी धरू नये. माझ्या मनात त्यांच्यासाठी माया नाही, आणि वय वाढलं की राग निवतो म्हणतात तेही माझ्या बाबतीत अजून घडलेलं नाही.

माझ्या माश्या म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंगावतात त्या, चिलटाएवढ्या, लाल डोळ्यांच्या. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट शिजवून आम्ही काचेच्या बाटल्यांत ओततो आणि त्यात त्यांचे संसार मांडतो. माझा विषय नरांचा. काही नरांना पिल्लं का होत नाहीत, ते कुठल्या जनुकांमुळे, एवढंच मी वर्षानुवर्षं बघत आले आहे.

हा नर मोठा हौशी असतो. मादी दिसली की तिच्या मागं मागं फिरतो, पुढच्या पायानं तिला हळूच शिवतो, मग एकच पंख बाजूला काढून थरथरवतो. ते त्याचं गाणं. हे त्याला कुणी शिकवत नाही, ते त्याच्या जनुकांतून येतं. पण बीज तयार करणारी, त्या बीजाला शेपूट हलवायला लावणारी जनुकं वेगळी. त्यातली काही वाय गुणसूत्रावर बसलेली असतात. माणसासारखं माशीत नर होणं वायवर अवलंबून नसतं. म्हणून ज्याच्यात वाय नाहीच असा नरही दिसायला नर, वागायला नर. तो नाचतो, गातो, मादीही त्याला भुलते, सगळं यथासांग पार पडतं. मादी अंडी घालते आणि ती तशीच पांढरी पडून राहतात.

बाटलीत अळ्या दिसल्या नाहीत, तर आमच्याकडे एक साधी रीत आहे. दोघांना वेगळं करायचं, दोघांनाही तपासायचं. मादीत खोट आहे असं धरून चालायचं नाही. नव्या मुलांनी असं धरलं तर मी त्यांची चांगली हजेरी घेते. माश्यांना मिळतो तेवढा न्यायसुद्धा माझ्या बहिणीला मिळाला नाही.

ताई माझ्यापेक्षा मोठी. आम्ही धाडचे. तिला दिलं अमडापूरकडच्या एका घरात, विहिरीचं पाणी असलेली पेरूची बाग बघून. भाऊजी दिसायला देखणे, मिशीला पीळ, कुणाच्याही वरातीत बँडपुढे सगळ्यांत जास्त नाचणारे. ताईचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली आणि मूल झालं नाही. बुलडाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या सगळ्या तपासण्या केल्या. सगळं ठीक आहे, आता यजमानांना घेऊन या, असं सांगितलं. ताईनं घरी येऊन हे सांगितलं, तर भाऊजी म्हणाले, "मले कायचा रोग हाये?" आणि गाडीला किक मारून निघून गेले. त्यानंतर मग देवऋषी, गंडे, सोमवार, गुरुवार, कडक उपास. हे सारं ताईनं केलं. तिच्या दंडावरचा काळा दोरा बघितला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या वर्षी श्रावणात ताईच्या नणंदेचं डोहाळजेवण होतं. आई आणि मी धाडहून गेलो होतो. पहाटेपासून स्वयंपाकघरात ताई. पुरण तिचं, वडे तिचे, भाताची मूद पाडायची तीही तिनंच. नणंदेला झोपाळ्यावर बसवलं, बायका खण-नारळ घेऊन ओटी भरायला रांगेत उभ्या राहिल्या, तशी ताईही पदराला हात पुसत बाहेर आली. सासू सगळ्यांसमोर म्हणाली, "तू आत जाय, सूनबाई. दूध उतू जाईन, पाह्य." ताई वळून आत गेली. मीही तिच्यामागं गेले. गॅसवर दूध नव्हतंच. ताई रिकाम्या शेगडीकडे बघत उभी होती आणि बाहेर बायका गाणं म्हणत होत्या.

संध्याकाळी सासूनं माझ्या आईला बाजूला घेतलं. आवाज कमी करायची तसदी तिनं घेतली नाही. म्हणाली, "यंदाचा पेरू निघाला का चार मानसं बसवू. तुमची पोरगी तुमच्या घरी, आमचं पोरगं मोकयं. वांझ बाई किती दिवस पोसाची आमी?" आई रडायला लागली. मला आईचाही राग आला. हिवाळ्यात पेरू निघणार होता. त्याच्या आत भाऊजींची तपासणी झाली नाही, तर ताईचं घर गेलं, एवढं मला कळलं. म्हणून आई परत गेली तरी मी तिथंच राहिले.

त्या घरात अक्कल फक्त सासऱ्याला होती. सासू बोलायला लागली की तो मूग गिळून बसायचा, पण शेतीत त्याची नजर पक्की होती. मी माश्यांवर काम करते हे ऐकून तो हसला नव्हता, कारण त्याचा वेगळाच समज झाला होता. त्याच्याकडे फळमाशी म्हणजे पेरूला भोक पाडून आत अंडी घालणारी, बाग नासवणारी. माझी माशी वेगळी, मी कधी पेरूवरच्या माशीला हातही लावला नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला म्हणाला, "चाल बाई, बाग दाखवतो. तुह्या शिक्षनाचा आमालेबी काई फायदा होऊ दे."

झाडाझाडाला पिवळे प्लास्टिकचे डबे टांगलेले होते. आत वासाची वडी, खाली मेलेल्या माश्यांचा ढीग. त्यानं एक डबा उघडून माझ्यापुढं धरला. "हे सारे नर हायेत, बरं का. मादी येतच नाही यात. मादी तिकडं पेरू नासवून राह्यली." मी म्हणाले, "मामाजी, याहून वेगळा उपाय आहे. काही देशांत कारखान्यात माश्या वाढवतात, नरांवर किरणं सोडतात आणि मग ते नर बागेत सोडून देतात."

"अन् मंग?"

"मग ते मादीशी जुळतात. मादी अंडी घालते. अंडी फुटत नाहीत."

तो बांधावर बसला. विडी पेटवायची राहून गेली. "म्हंजे नर जिता असते?"

"जिवंत, धडधाकट."

"अन् मादीले समजत नाही?"

"नाही समजत. सगळं रीतसर होतं. फक्त बीज कामाचं नसतं."

म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली आणि मोठ्यांदा हसला. "म्हंजे पोचट नर! ज्वारीचं कनीस वरून कसं भरेल दिसते, अन् दाबलं का आत दानाच नाही. वा रे वा! काय डोकं चालवलं!" शेजारच्या ओळीत निंदण करणाऱ्या बाया होत्या. त्यांनाही त्यानं ओरडून सांगितलं. पोचट नर, पोचट नर, असं म्हणत बायाही हसल्या.

मला त्या शब्दाचा फार आनंद झाला. बाईसाठी आपल्याकडे वांझ आहे, वांझोटी आहे, तिला ऐकवायला शब्दांची कमी नाही. पुरुषासाठी एकच, नामर्द, आणि त्याचा अर्थ निराळा. ज्याला सगळं जमतं, फक्त बीज नाही, अशा पुरुषाला आमच्या बोलीत नावच नव्हतं. नाव नाही म्हणून तो पुरुषही नाही, अशी सगळ्यांची सोय झालेली. इथं या म्हाताऱ्यानं सहज नाव काढून दिलं, तेही दाण्याचं, शेतातलं, कुणालाही समजेल असं. मला वाटलं, आता बोलायची हीच वेळ.

मी म्हणाले, "मामाजी, माणसांतही असं असतं. नाचणं-गाणं वेगळं आणि बीज वेगळं. भाऊजींची एकदा तपासणी करून घ्या. बुलडाण्याला एका सकाळचं काम आहे."

त्याचं हसू तोंडावरच थांबलं. त्यानं जवळच्या फांदीवरचा एक कच्चा पेरू तोडला आणि उगाच दाबत राहिला. "काय म्हनतलं?"

मी पुन्हा सांगितलं.

"माह्यं पोरगं पोचट हाये म्हनतं तू?"

मी तसं म्हटलं नव्हतं. पण आता मागं सरायचं नाही असं मी ठरवलं. "असेलही," मी म्हणाले. "दाबून पाहिल्याशिवाय कणसाचं कळत नाही ना?"

बायांची खुरपी थांबली होती. म्हातारा उठला, मला तिथंच सोडून ताडताड घराकडे निघाला. त्याला समजलं होतं. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं होतं, अगदी लख्ख समजलं होतं. सासूला मी एखाद वेळेस माफ करीन, तिच्या डोक्यात तेवढा उजेड नव्हता. या माणसाला माफी नाही. जे माशीचं त्याला क्षणात उमगलं, ते पोराचं म्हटल्यावर त्यानं घर येईपर्यंत पुसून टाकलं.

संध्याकाळी भाऊजी आले ते अंगणातूनच ओरडत. "मी नामर्द हाय का वं? मोठी शिकेल हाय म्हून काईबी बोलशीन?" मी ओसरीवर उभी होते. म्हणाले, "भाऊजी, ते वेगळं, हे वेगळं. मी नामर्द म्हटलं नाही." पण मधला शब्द त्यांच्या कानाला कळतच नव्हता. एकतर मर्द, नाहीतर नामर्द. त्यांनी ताईला आतून बोलावलं. शेजारची माणसं कुडावरून बघत होती. "इचारा हिले. सांग वं सगळ्याइले. मी नामर्द हाय का?"

ताईनं मान खाली घातली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "नाही," ती म्हणाली.

"झालं!" भाऊजी म्हणाले, आणि सासूनं टाळी वाजवली. खरंच वाजवली. खटला संपला. जे त्यांनी विचारलं त्याचं ताईनं खरं उत्तर दिलं, आणि जे विचारायला हवं होतं ते विचारायला कुणाकडे शब्दच नव्हता. सकाळी होता, तो म्हाताऱ्यानं गिळून टाकला होता. तो खाटेवर बसून विडी ओढत होता. मी त्याच्याकडे बघितलं, तर त्यानं तोंड फिरवलं. रात्री मला कुणी जेवायला वाढलं नाही. ताईनं वाढलेलं मी खाल्लं नाही. सकाळच्या पहिल्या एसटीनं मी निघाले.

हिवाळ्यात पेरू निघाला आणि बैठक झाली. आमच्याकडून वडील आणि मामा गेले, मीही हट्टानं बरोबर गेले. मामा जीपमध्ये चिखलीपर्यंत बाह्या सरसावत होता, "तोंडावर सांगतो त्याइले, पोराले आधी दवाखान्यात न्या म्हनतो." तिथं गेल्यावर त्यानं दोन बशा पोहे खाल्ले आणि जे समोरच्यांनी म्हटलं त्याला मान डोलावली. मी आत बायकांत बसले होते, मला बाहेर यायला मनाई होती. तरी मी दारात जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "आधी तपासणी, मग बैठक." वडीलच मला म्हणाले, "गप बस. तुह्यापायीच हे दिवस आले." समोरचे चार जण एकमेकांकडे बघून हसले. ताईला कुणी काही विचारलं नाही. पुढे कोर्टात राजीखुशीनं फारकत झाली. राजी कोण होतं आणि खुशी कोणाची होती, तेवढं कोर्टात कुणी विचारत नाही.

आई अजून म्हणते की माझ्या जिभेनं ताईचं घर मोडलं. मला तसं वाटत नाही. जे घर रिकाम्या शेगडीवरचं दूध सांभाळायला पाठवतं, ते मोडायला माझी जीभ कशाला लागते? उलट एका गोष्टीचा मला आनंद आहे आणि तो मी लपवत नाही. निंदणाऱ्या बाया गप्प बसल्या नाहीत. तो शब्द गावात गेला. अमडापूरच्या बाजारात भाऊजी पेरू विकायला बसले की माणसं फळ दाबून विचारायची, "पोचट तं नाही ना, बे?" लोक तेच पेरू चांगले दोन-तीन किलो घ्यायचे आणि हसत जायचे. भाऊजींनी मग बाजारात बसणं सोडलं आणि घाईघाईनं दुसरं लग्न केलं. मुलगी देऊळघाटकडची, बापाविना वाढलेली, ताईपेक्षा कितीतरी लहान.

ताई धाडला परत आली. माशीच्या मादीला असल्या नराचा संग झाला, तर त्याच्या अंगातल्या द्रवानं ती एखादा दिवस दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाही. मग ते ओसरतं आणि ती आपल्या वाटेनं जाते. ताईचं मात्र ओसरेना. गळ्यातली पोत काढायलाच तिनं कितीतरी महिने लावले. मी तिच्यावरही चिडायचे. मग तिनं पिको-फॉलचं मशीन घेतलं, ओसरीवर बसवलं. काम चांगलं होतं, बाया यायच्या, बसायच्या, हळूहळू ती हसायलाही लागली.

त्यानंतर काही वर्षांनी, मी सुट्टीत घरी असताना, बाजाराच्या दिवशी आमच्या दारात जीप थांबली आणि ताईची ती सासू उतरली. हातात नारळ आणि खण. मी दार अडवून उभी राहिले. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही, बाजूनं वाकून आत ताईला हाक मारली आणि चक्क पदर पसरला. "जे काई बांधलं असन ते सोड, बाई. नव्या पोरीची कूस मोकयी कर. देवऋषीनं सांगतलं, पयलीनं कूस बांधली म्हून. पोरीचं उपासानं पोट पाठीले लागलं, तरी काई नाही."

माझ्या तोंडून जे निघालं ते मी इथं लिहीत नाही. दुसरीलाही मूल नाही, तर त्याचा दोषही पहिलीलाच! त्या माणसाच्या अंगाला दोष म्हणून काही चिकटतच नव्हता. मी तो नारळ रस्त्यावर फेकायला निघाले होते. ताईनं माझा हात धरला. मशीनवरून उठून ती सासूसमोर जाऊन बसली.

"पोरीले किती तरास देऊन राह्यले तुमी?" तिनं विचारलं.

"तरास कायचा? वांझ म्हनतेत लोकं, तेवढंच."

ताई म्हणाली, "मी तिची कूस नाही बांधली. तुमच्या पोराले बांधलं."

मी ताईकडे बघतच राहिले. सासूचा चेहरा उतरला, पण तिला पटलं. मला ते दिसलं. पोरात काही कमी आहे हे तिला जन्मात पटलं नसतं. पोरावर कुणी करणी केली, हे मात्र लगेच पटलं.

"मंग सोडवाचं कसं?" तिनं हळूच विचारलं.

"बुलडाण्याच्या दवाखान्यात न्या. तिथं तपासल्याबिगर गाठ कुठं बसली ते समजत नाही. अन् तवरोक त्या पोरीले उपास नाही, देवऋषी नाही, कोनं वाकडं बोलाचं नाही. बोललं तं गाठ घट्ट होते."

सासूनं नारळ तिच्या पायाशी ठेवला आणि मागं मागं सरकत जीपकडे गेली.

आणि भाऊजी गेले दवाखान्यात! डॉक्टरांनी सांगून, बायकोनं रडून, मी भांडून जे झालं नव्हतं, ते गाठीच्या भीतीनं झालं. बीज नव्हतंच. डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलं. सासूनं घरी येऊन सगळ्या गावाला सांगितलं, "पाह्यलं? बांधलंच होतं तिनं. डॉक्टरनंबी म्हनतलं."

बातमी जीपमधून धाडला यायला वेळ लागला नाही. आमच्या गल्लीतल्या बाया आता फॉल लावायला दुसरीकडे जातात. कडेवर लेकरू असलं तर त्याच्या तोंडावर पदर ओढून आमच्या दारावरून पुढे सरकतात. परवा एक म्हातारी ओसरीकडे बघून थुंकली. मी तिच्या अंगावर धावून गेले, तर आईनं मला मागं ओढलं. मग मी सगळा राग ताईवर काढला. म्हणाले, "मी आयुष्यभर जनुकं जनुकं करत बसले आणि तू एका वाक्यात चेटकीण होऊन बसलीस. खरं होतं ते तुझ्या बाजूचं होतं! कायदा आहे याच्यावर, चल पोलिसात, सांगू की असं काही नसतं."

"सांगितलं तं काय होईन?" ताईनं विचारलं. ती कुणाचीतरी उरलेली एकच साडी शिवत होती. "मंग ते म्हनतीन, करनी नव्हती, म्हंजे पोरीतच खोट हाये. पुन्हा तिले उपासाले बसवतीन."

मशीन चालू होतं. थोड्या वेळानं तिनं पाय थांबवला.

"तिले आता कोनी वांझ म्हनत नाही ना?"

"नाही म्हणत," मी म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि साडीचा पुढचा काठ सुईखाली सरकवला.